गुरुवारचा रिपोर्ट

"मॅडम, ही प्लेट एकदा उजेडाला धरून बघता का?"

मुलाणी माझ्या उजव्या हाताला येऊन उभे राहिले होते. समोर लांब टेबलांपाशी दुसऱ्या वर्षाची वीसेक मुलं मायक्रोस्कोपात डोळे घालून बसली होती आणि क्षयाचे जंतू रंगवताना आम्ल का वापरायचं ते मी त्यांना सांगत होते. शिकवताना मध्ये कुणी बोललेलं मला खपत नसे.

"सकाळी बघितली मी," मी म्हटलं. "डिप्थेरॉइड आहेत. कातडीवरचे जंतू. रिपोर्ट लिहून ठेवलाय."

"लिहिलाय, ते बघितलं. पण वाढ जरा खरवडली की खालचं रक्त विरघळल्यागत दिसतंय, कातडीवरचे असं करत नाहीत. अगदी किंचित."

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. मी अठ्ठावीस वर्षांची होते. मुंबईहून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.डी. करून, सुवर्णपदक घेऊन, दुष्काळी भागातल्या एका मेडिकल कॉलेजात चार महिन्यांपूर्वी लेक्चरर म्हणून रुजू झाले होते. गावाचं नाव सांगत नाही. आमचे विभागप्रमुख तेव्हा मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते, त्यामुळे लॅबमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रिपोर्टावर सही माझी, डॉ. हेमांगी रणदिवे. दस्तगीर मुलाणी आमचे सिनियर टेक्निशियन. पन्नाशी उलटलेले, दहावी शिकलेले, बाटल्या धुण्यापासून सुरुवात करून पंचवीस वर्षांत तिथवर आलेले. मुलं त्यांना मामा म्हणत. मला ते आवडत नव्हतं, कारण मुलं शंका विचारायला माझ्याआधी त्यांच्याकडे जात.

प्लेट होती मायाक्का कोळेकर नावाच्या बाईची. साडेसात महिन्यांची गरोदर, चार दिवसांचा ताप, बाळंतपणाच्या वॉर्डात बेड बारा. मंगळवारी तिचं रक्त जंतू वाढवायच्या बाटलीत घेतलं होतं. बुधवारी बाटली गढुळली, गुरुवारी रक्त मिसळलेल्या जेलीच्या प्लेटवर बारीक राखाडी ठिपके उगवले. रंगवून बघितल्यावर आखूड, जांभळ्या काड्या दिसल्या. अशा काड्या कुणाच्याही कातडीवर असतात. सुई टोचताना कातडी नीट पुसली नाही की त्या बाटलीत शिरतात, आणि आजाराचा जंतू म्हणून मिरवतात. आम्ही रोज अशी एखादी प्लेट बाद करायचो.

"आणखी एक, मॅडम," मुलाणी म्हणाले. आवाज त्यांनी खालीच ठेवला होता. "तिचा नवरा बाहेर पायरीवर बसलेला असतो. धनगर आहेत ती माणसं. त्याच्याशी बोललो. यंदा त्यांच्या कळपातल्या पंधरा-सोळा मेंढ्या गाभडल्या म्हणे, कोकरं आधीच पडली. दोन-तीन तर मान वाकडी करून एकाच अंगाला गोल गोल फिरून मेल्या. ही माणसं दूध कच्चंच पितात. मला वाटतं, आपण..."

"मुलाणी, आपण इथं प्लेटा वाचतो. मेंढ्या नाही."

मुलं हसली. मी हसवायलाच बोलले होते. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण हसू ऐकून मला चेव आला.

"आणि हे सॅम्पल तुम्हीच काढलंत ना? स्पिरिट लावल्यावर मिनिटभर थांबायचं असतं. ते पाळलं असतंत तर कातडीवरचे जंतू बाटलीत आले नसते. प्लेट टाकून द्या, बाटलीही टाका."

मुलाणींनी प्लेटचं झाकण लावलं. "बरं," म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

दुपारी रिपोर्ट वॉर्डात गेला. माझ्या वळणदार अक्षरात त्यावर लिहिलं होतं की, वाढलेले जंतू कातडीवरचे असून बहुधा सॅम्पल घेताना मिसळले आहेत. खाली सही.

शुक्रवारी मुलाणी माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. मला ते जाणवलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. लॅबला शिस्त लागतेय, असं वाटलं.

सोमवारी सकाळी मी आले तेव्हा टेबलावर एक छोटी बाटली होती. तळाशी ताकासारखं गढूळ पाणी. चिठ्ठीवर लिहिलं होतं: कोळेकर यांचं बाळ, मुलगी, वय दोन दिवस, पाठीच्या कण्यातलं पाणी.

कोळेकर हे नाव मला चटकन आठवलं नाही. मी थेंब काचेवर पसरला, वाळवला, रंगवला आणि मायक्रोस्कोपाखाली घेतला. पुवाच्या पेशी भरपूर. त्या पेशींमध्ये, काही आत, काही बाहेर, आखूड जांभळ्या काड्या.

मी काच सरकवून दुसरीकडे बघितलं, मग तिसरीकडे. सगळीकडे त्याच. पाठीच्या कण्यात कातडीवरचे जंतू इतक्या संख्येनं कुठून येणार?

मान वर केली तर मुलाणी समोर उभे होते. त्यांच्या हातात एक टेस्ट ट्यूब होती, कापसाचा बोळा लावलेली.

"ही तिच्या आईच्या बाटलीतली," ते म्हणाले. "बेड बारा. बाटली तुम्ही टाकायला सांगितली होतीत. मी टाकली नाही."

"का?"

"असंच. टेबलावर ठेवली होती, इनक्युबेटरच्या उबेबाहेर. काल रविवारची ड्यूटी होती, तेव्हा तिच्यातनं ही ताजी ट्यूब लावली."

त्यांनी मध्ये खळगा असलेली काच काढली. कव्हरस्लिपच्या, म्हणजे पातळ चौकोनी काचेच्या, चार कोपऱ्यांना व्हॅसलिनचे ठिपके लावले, मध्ये ट्यूबमधला एक थेंब ठेवला आणि खळग्याची काच वरून दाबून झटकन उलटी केली, तसा थेंब खळग्यात लोंबकळू लागला. हे सगळं पंधरा सेकंदांत. मग मायक्रोस्कोपावर काच बसवून, प्रकाश कमी करून ते बाजूला झाले.

मी बघितलं. काड्या हलत होत्या. वाऱ्यानं हलल्यासारख्या नाही, त्या एका टोकावर उभ्या राहत आणि कोलांटी मारत. थांबत, पुन्हा कोलांटी. कातडीवरच्या जंतूंना हलताच येत नाही.

हे मला माहीत होतं. एम.डी.च्या तोंडी परीक्षेत मला नेमका हाच प्रश्न आला होता: शरीराच्या तापमानाला फारसा न हलणारा, पण खोलीच्या तापमानाला कोलांट्या मारणारा जंतू कोणता? मी एका दमात उत्तर दिलं होतं. लिस्टेरिया. मेंढ्यांमध्ये गर्भपात, मेंदूला सूज आली की एकाच अंगाला फिरणं. माणसात गरोदर बायकांना साधा ताप आणि पोटातल्या बाळाला जीवघेणा आजार. परीक्षक खूष झाले होते. गुरुवारी मुलाणींनी हेच सगळं माझ्यासमोर, फक्त जंतूचं नाव न घेता, मांडलं होतं. आणि मी तो जंतू जन्मात कधी पाहिला नव्हता.

"तुम्हाला याचं नाव माहीत होतं?" मी विचारलं.

"नाव नाही, मॅडम. आमचे वडील गावचे मुलाणी. बकरी कापायचं काम. लहानपणी फिरणाऱ्या मेंढ्या बघितलेल्या. असल्या मेंढीचं मटण वडील विकायचे नाहीत. आणि मागं एका मोठ्या सरांनी सांगितलेलं, काडीबद्दल शंका आली तर एक ट्यूब बाहेर ठेवून बघावी."

मी उठले. बाळाचं काय चाललंय ते आधी बघायला हवं होतं.

मुलांचा वॉर्ड पटांगणाच्या पलीकडे होता. तिथले प्रमुख डॉ. बाबर. उंच, तिरसट, कामाला वाघ. लहान मुलांच्या शिरा त्यांना डोळे मिटून सापडतात असं नर्सेस म्हणत. मी गेले तेव्हा ते बाळाजवळच होते. काचेच्या पेटीत ते बाळ पडलं होतं, माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढं. अंगावर बारीक लालसर पुरळ, दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता.

"सर, बाळाच्या पाण्यात लिस्टेरिया दिसतोय," मी म्हटलं. "ॲम्पिसिलिन आणि जेंटामायसिन सुरू करावं लागेल."

"त्याला सेफोटॅक्सिम चालू आहे. दोन दिवस झाले."

"लिस्टेरियावर त्याचा काही उपयोग होत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कल्चर वाढलं? प्लेटवर जंतू आले?"

"अजून नाही. आत्ता काच बघितली. आखूड काड्या आहेत."

"आखूड काड्या." त्यांनी बाळाच्या फायलीखालून दुसरी फाइल ओढली. आईची. पानं उलटून एका कागदावर बोट ठेवलं. "आईच्या रक्तातही आखूड काड्या होत्या, मॅडम. गुरुवारी तुम्ही लिहिलंत की सॅम्पल घेताना मिसळलेले जंतू. आज पोरीच्या पाण्यात तेच, तर आज ते खरे? मी तुमच्या कुठल्या सहीवर विश्वास ठेवू?"

माझी नजर फायलीवर गेली. त्या कागदाच्या वर औषधांचा तक्ता होता. मायाक्काला मंगळवारी संध्याकाळपासून इंजेक्शन चालू केलं होतं. लघवीचा संसर्ग असेल या अंदाजानं ॲम्पिसिलिन. मंगळवार, बुधवार, गुरुवार, प्रत्येक डोसापुढे नर्सची सही. बुधवारी रात्री ताप उतरला होता. गुरुवारी दुपारी पुढच्या सगळ्या चौकटींवर एक आडवी रेघ मारलेली आणि इंग्रजीत लिहिलेलं की कल्चरमध्ये काही नाही, ताप उतरला, औषध बंद. शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा एकशे तीन ताप. शनिवारी पहाटे कळा. गर्भजल तपकिरी, बाळ सात आठवडे आधी.

अंदाजानं दिलेलं औषध बरोबर होतं. ते माझ्या रिपोर्टानं बंद झालं होतं.

मला तेव्हा एक पळवाट दिसली, हे कबूल करायला हवं. बाळाचं कल्चर उद्या वाढलंच असतं. तोवर थांबून बाळाचा रिपोर्ट वेगळा, स्वच्छ पाठवता आला असता. आईच्या कागदाबद्दल अवाक्षर काढायची गरज नव्हती. तिची बाटली टाकून द्यायला मीच सांगितलं होतं, ती अस्तित्वात आहे हे मुलाणींखेरीज कुणाला माहीत नव्हतं. फक्त चोवीस तास. पेटीतल्या बाळाच्या बरगड्या आत-बाहेर होत होत्या.

"सर, गुरुवारचा रिपोर्ट चुकला," मी म्हटलं. "आईच्या रक्तातही हाच जंतू होता. मी ओळखला नाही. तुम्ही लॅबमध्ये येऊन बघा, आत्ता जिवंत दिसतोय."

ते आले. लॅबमध्ये मुलाणींनी स्टूल पुढे केलं. बाबर सर चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले.

"पुस्तकात वाचलं होतं," ते शेवटी म्हणाले. "हे असं असतं होय."

"मीही पहिल्यांदाच बघितलं."

"मग ओळखलं कुणी?"

"मुलाणींनी."

त्यांनी मुलाणींकडे बघून मान हलवली. मग माझ्याकडे वळले. "औषध बदलतो. तिच्या आईलाही परत चालू करायला सांगतो. पण तुम्ही आत्ता सांगितलंत ते लेखी द्या. दोन्ही फायलींत."

मी वॉर्डात परत गेले आणि उभ्या उभ्या लिहिलं: गुरुवारचा रिपोर्ट चुकीचा होता, तो रद्द समजावा. आदल्या आठवड्यातल्या सहीपेक्षा ही सही वेडीवाकडी आली.

पुढचे तीन आठवडे मी रोज सकाळी लॅबच्या आधी मुलांच्या वॉर्डात जात होते. पहिले चार दिवस बाळात काही फरक नव्हता. एकदा त्याचा श्वास थांबला, बाबर सरांनी दोन बोटांनी छाती दाबून परत आणला. पाचव्या दिवशी ताप गेला. नवव्या दिवशी नळीतून दूध पचलं. मायाक्का बऱ्या झाल्यावर पेटीशेजारी खाली चटईवर झोपायच्या. तेवीस-चोवीस वर्षांच्या, सडपातळ, हनुवटीवर तीन गोंदणाचे ठिपके. मी आले की त्या उठून बसायच्या. मला त्या बाळाच्या डॉक्टरीणबाई समजत होत्या. मी ते दुरुस्त केलं नव्हतं.

मधल्या एका शुक्रवारी मुलाणी आणि मी सरकारी जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन कळपावर गेलो. मायाक्कांचे यजमान बिरदेव आम्हाला माळावर घेऊन गेले. तिथं एक मेंढी तेव्हाही फिरत होती. मान डावीकडे, खुरांनी मातीत गोल उमटलेला. मुलाणी तिच्याजवळ उकिडवे बसून बिरदेवना समजावत होते, की गाभडलेल्या मेंढीला उघड्या हातानं शिवायचं नाही, वार खोल पुरायची आणि दूध, मग ते शेळीचं असो की मेंढीचं, उकळी फुटल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. ते बोलत होते ते सगळं माझ्या पुस्तकात होतं, पण मला ते असं सांगता आलं नसतं. परतीच्या जीपमध्ये मी त्यांना म्हटलं, "गुरुवारी मुलांसमोर मी तुम्हाला बोलले ते वाईट बोलले. चूक माझी होती." ते खिडकीबाहेर बघत होते. "जाऊ द्या, मॅडम," म्हणाले. एवढंच. मला वाटलं, अजून मनात आहे त्यांच्या.

चोविसाव्या दिवशी बाळाला घरी सोडायचं ठरलं. बाबर सरांनी मला बोलावून घेतलं.

"डावा पाय कमी हलवते," ते म्हणाले. "वर्षभरानं नक्की कळेल. चालेल ती, पण कदाचित लंगडेल. आईबापांना सांगितलंय मी."

"आधी औषध मिळालं असतं तर?"

"ते कुणी सांगू शकत नाही. सात आठवडे आधी जन्मलेलं मूल आहे, काहीही असू शकतं." मग म्हणाले, "रिपोर्टाचं त्यांना सांगायच्या भानगडीत पडू नका. फाइल दुरुस्त झाली, पोरगी जगली. त्यांना त्यातलं काय कळणार?"

मी लॅबमध्ये आले. मुलाणींना म्हटलं, "कोळेकर आज जाताहेत. मी त्यांना भेटून येते. तुम्हीही चला, बिरदेव तुमची आठवण काढत होते."

वॉर्डाच्या मागच्या व्हरांड्यात ते दोघं निघायच्या तयारीत होते. गाठोडं बांधून झालं होतं. बाळ दुपट्यात मायाक्कांच्या मांडीवर. मी समोरच्या बाकावर बसले. मुलाणी खांबाला टेकून उभे राहिले.

"मायाक्का, तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हटलं. "तुम्ही आलात तेव्हा तुमचं रक्त तपासायला घेतलं होतं. ते माझ्याकडे आलं. तुमच्या आजाराचा जंतू त्यात होता. मी तो बघितला, पण ओळखला नाही. काही नाही म्हणून लिहून दिलं. त्यावरून तुमचं इंजेक्शन बंद झालं. ते चालू राहिलं असतं तर कदाचित बाळ इतक्या लवकर झालं नसतं."

बिरदेव उभे होते ते खाली बसले. मायाक्का माझ्याकडेच बघत होत्या.

"पायाचं त्येच्यामुळंच का?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही. असेलही."

"मंग तवाच का न्हाई सांगितलं?"

"तेव्हा कळलं नव्हतं. बाळ झाल्यावर दोन दिवसांनी कळलं."

"कुनालाच न्हाई कळलं?"

नाही, असं मी म्हणणारच होते. मला तेच खरं वाटत होतं.

"मला कळलं होतं, ताई," मागून मुलाणी म्हणाले.

मी वळून बघितलं. त्यांनी खांब सोडला होता. हात दोन्ही बाजूंना सरळ, शाळेत उभं केल्यासारखे.

"मॅडमनी टाकायला सांगितलेली बाटली मी ठेवली होती. शुक्रवारी सकाळी बघितली. जंतू हलत होते. तेव्हाच कळलं, हे कातडीवरचं नव्हं. मी मॅडमच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो होतो."

"आन मंग?" बिरदेवनी विचारलं.

"परत फिरलो."

"का?"

"राग होता," मुलाणी म्हणाले. "आदल्या दिवशी पोरांसमोर मला बोलल्या होत्या. म्हटलं, आपण कशाला सांगायचं. सह्या त्यांच्या, त्यांचं त्या बघतील. शनिवारी सुट्टी घेतली. रविवारी वॉर्डात तुम्हाला बघितलं, बाळ पेटीत ठेवलंय म्हणून कळलं. तेव्हा बाटलीतनं ताजी नळी लावली. त्या दिवशीसुद्धा मॅडमच्या घरी जाऊन सांगता आलं असतं. नाही गेलो."

शुक्रवारी सकाळी. त्या वेळी मायाक्कांना ताप परत आला नव्हता. औषध बंद होऊन एक दिवसही झाला नव्हता.

मुलाणी माझ्याशी बोलत नाहीत म्हणून मी शुक्रवारी खूष झाले होते, ते आठवलं. त्यांनी दार लोटलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं का, हेही मला सांगता आलं नसतं. बहुतेक नसतं.

बिरदेव एकदम उठले. मला वाटलं, आता हात उगारतात की काय. ते व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले, कठड्याला धरून पाठमोरे उभे राहिले. आतून कुठल्या तरी मुलाचं रडणं येत होतं. मायाक्का बाळाचा डावा पाय दुपट्यातून बाहेर काढून अंगठ्यानं चोळत होत्या. त्या रडल्या नाहीत.

"येक इचारू?" त्या म्हणाल्या.

"विचारा."

"फुडल्या टायमाला पोटात ऱ्हायलं, तर परत हुतंय का ह्ये?"

"नाही. दूध उकळून प्या. गाभडलेल्या मेंढीला हात लावू नका. आणि दिवस राहिले की इथं या, ताप असो नसो, आम्ही रक्त तपासू."

"तुमीच?"

"आम्ही दोघं."

त्यांनी पाय दुपट्यात गुंडाळला. बाळाला खांद्यावर घेतलं, गाठोडं दुसऱ्या हातात. बिरदेव परत आले आणि त्यांनी गाठोडं घेतलं. आमच्याकडे बघितलं नाही. मायाक्का निघाल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

"म्या काय शिकल्याली न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमाला काय सांगनार? पर तुमी दोगं येकमेकांशी बोलत जावा."

एवढं बोलून त्या पायऱ्या उतरल्या. फाटकापाशी बिरदेवनी बाळ स्वतःकडे घेतलं, मग ती दोघं रस्त्यापलीकडे दिसेनाशी झाली.

आम्ही पटांगण ओलांडून परत आलो. ऊन चढलं होतं. लॅबचा जिना चढताना मधल्या वळणावर मुलाणी थांबले. मीही थांबले.

"मॅडम," ते म्हणाले, "सकाळच्या सर्जरीच्या प्लेटांमध्ये एक मला पटत नाहीये. तुम्ही जखमेतले नेहमीचे जंतू, स्टॅफ, म्हणून लिहिलंय, पण..."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सांगा," मी म्हटलं.